नेहमी दुपारचे तीन

टूसॉनमध्ये आज रात्री गोठण्याचा इशारा.
रेडिओ सांगतो, कुत्री घरात घ्या,
नळांना फडकी गुंडाळा,
लिंबांवर काहीतरी पांघरा.

डेल्फिना उर्किदेस जुन्या चादरी काढते.
एक फुलाफुलांची, एक नुसतीच पिवळी पडलेली,
एकीवर हॉस्पिटलचा शिक्का, अर्धा पुसट.
ती शिडीवर, मी खाली, चिमटे तोंडात धरून.
अंगणात तीन झाडं उभी,
भूत-भूत खेळणारी पोरं उभी राहतात तशी.

मग आम्ही कामावर जातो,
दुसऱ्या एका हिवाळ्याकडे.

मंगळाच्या ध्रुवांवरून यान फिरतं, तीनशे किलोमीटर उंच,
आणि उजेडात खाली बघेल तेव्हा
तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात. नेहमी.
कक्षाच तशी आखलेली. सावल्या लांब पडाव्यात,
खड्डा खड्डा दिसावा, उंचवटा उंचवटा.
त्या वाळूवर सकाळ कशी होते, आम्हाला माहीत नाही.
आणि ध्रुवाकडचा खरा हिवाळा तर सगळा अंधारातच,
महिनेच्या महिने.
तेव्हा हवाच गोठून टेकड्यांवर साचते,
आपण उच्छ्वासातून सोडतो तीच हवा,
कुठे बोटभर, कुठे पुरुषभर.
आम्हाला दिसतं ते आधीचं आणि नंतरचं.

अकरा वीसला पट्टी उतरली,
लांबच लांब, अरुंद, गुंडाळी सुटलेल्या बँडेजसारखी.
सत्तर अंश दक्षिण, वाळूच्या टेकड्या.
डेल्फिनाने हे ठिकाण नवव्यांदा मागवलेलं.
तिथलं एक वर्ष म्हणजे आपले सहाशे सत्त्याऐंशी दिवस,
म्हणजे ह्याच खुर्चीत नऊ वसंत
आणि भांगाशी पांढरी रेघ.

हिमाचा थर अजून आहे, पण फाटायला लागलाय.
उन्हं त्यातून आरपार तळाशी पोचली
की खालून वायू उसळतो, काळी वाळू वर फेकतो,
वारा ती एकाच बाजूला पंख्यासारखी पसरतो.
मी पंखे मोजले. एकशे चौदा.
'एकशे पंधरा,' ती म्हणाली, 'हा बघ, कड्याच्या सावलीत.'

'काय निळं आहे!' मागून नवा मुलगा, कोल्बी.
'निळा आपण दिलाय,' डेल्फिना म्हणाली.
'डोळ्यांनी पाहशील तर मळकट चुना.'

हे हिम वितळत नाही.
ओल नाही, ओघळ नाही, थेंबाचं नाव नाही.
असतं,
आणि मग नसतं.
ह्यावर काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
एलीसेओ गेला त्यानंतर तिने एकही रजा घेतलेली नाही.

तिचा बाप यूमाला संत्र्यांच्या बागा राखायचा.
रात्रभर झाडांमधून तेलाच्या शेगड्या पेटवत हिंडायचा,
काजळीने काळा होऊन न्याहारीला यायचा.
म्हणायचा, थंडी येताना दिसत नाही, पोरी,
ती सकाळी मोजायची असते.
हे तिने मला कॉफीच्या यंत्रापाशी सांगितलं,
नाणं अडकलेलं असताना, यंत्राला थापा मारत.

सात वाजता चादरी ताठ.
कडेला धरून उचलली तर पुठ्ठ्यासारखी कडकडली.
तिसऱ्या झाडाचा शेंडा जळालेला.
तिथवर आमची शिडी पोचली नव्हती.

मग भिंतीवरून ऊन आलं
आणि फुलाफुलांची चादर ठिबकायला लागली,
पिवळी लागली,
शिक्क्याची सगळ्यात शेवटी.
डेल्फिना आत जाऊन बादली घेऊन आली,
तिच्याखाली ठेवली, जरा सरकवली, पुन्हा सरकवली.

वाळवंटात पाणी वाया घालवत नाहीत,
एवढंच म्हणाली.